पाय आत घे

आई, पाय पुढे पसरून बसलं की नेमका कुणाचा अपमान होतो? मी आपल्या घरातली पहिली पदवीधर. आता शाळेत शिकवते. मुलं विचारतात त्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं मी कुठून तरी शोधून आणते, पण या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. तुला जाऊन बरीच वर्षं झाली. तू असताना विचारायचं राहून गेलं असंही म्हणता येत नाही, कारण असा काही प्रश्न असतो हेच तेव्हा मला माहीत नव्हतं. पाय आत घ्यायचे असतात, एवढंच माहीत होतं. जेवताना, पाहुणे आले की, विहारात, दवाखान्याच्या बाकावर, एसटीत. "पाय आत घे की गं," तू म्हणायचीस, आणि मी हलायच्या आधीच तुझा हात माझ्या गुडघ्यावर आलेला असायचा.

शाळेला सुट्टी असली की मी तुझा डबा घेऊन फौंड्रीत, लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, यायचे. बाबा मी लहान असतानाच गेलेले, त्यामुळे तुझ्या कामाची जागा म्हणजे माझंही अर्धं घरच होतं. पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही बायका ओळीनं पोत्यांवर बसलेल्या असायचा. लाकडी साच्यात वाळू ठासायची, साचा उलटा करायचा, हलक्या हातानं वर उचलायचा, आणि खाली राहिलेला वाळूचा आकार भट्टीत जाणाऱ्या पत्र्यावर ठेवायचा. वाळूत तेल आणि काकवी मिसळलेली असे. शेडभर जळक्या गोडाचा वास, आणि संध्याकाळी तोच वास तुझ्या केसांना. जेवणाच्या सुट्टीत बायका भिंतीला टेकून पाय लांब करायच्या. तूही करायचीस, पण दाराकडे बघत. एकदा सुपरवायझर पाणी प्यायला आत आला. तो कुणाकडे बघतही नव्हता आणि कुणी हललंही नाही. तू एकटीनं पाय जवळ ओढलेस, ते इतक्या घाईनं की मांडीवरची भाकरी वाळूत पडली. शेजारची बाई हसली, "अगं, तुझं पाय काय चोरीचं हायत व्हय?" तूही हसलीस. मला वाटलं, माझी आई फार शिस्तीची आहे.

दहावीनंतर मला टीबी झाला. इंजेक्शनांनी तो बरा झाला, पण त्याच इंजेक्शनांनी कानाच्या आतलं, तोल सांभाळणारं काहीतरी कायमचं गेलं. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा तुला ते पटेना, कारण ऐकायला तर मला चांगलं येत होतं. उजेडात मी डोळ्यांच्या आधारानं चालायचे, पाय फाकवून, झोकांड्या देत. प्रत्येक पावलाला समोरची घरं, माणसं, दुकानाच्या पाट्या सगळं वरखाली हलायचं. डोळे मिटले की जमीन कुठे आहे तेच कळायचं नाही. मंगळवार पेठेतल्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी पानाच्या टपरीवरून कुणीतरी म्हणालं, "सकाळी सकाळीच टाकून आल्या बघ पोरगी." तू माघारी वळलीस, टपरीसमोर जाऊन उभी राहिलीस. "व्हय, म्याच पाजलीया. तुला बी पायजे काय?" पण तू रोज माझा हात धरून कॉलेजला सोडायला येणार आणि रोज कामावर उशिरा पोचणार, हे फार दिवस चालणारं नव्हतं. ते दोघींनाही कळत होतं. आपलं शिक्षण आता सुटणार, असं मी मनाशी धरून टाकलं होतं. तू धरलं नव्हतंस.

एका संध्याकाळी तू कामावरून आलीस ती चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागलीस. हायवेवर चहाच्या गाडीपाशी एक परदेशी जोडपं थांबलं होतं, तीन चाकांच्या सायकली घेऊन. "बाई आडवी पडून सायकल चालवत हुती गं! आरामखुर्चीत पडल्यागत. हात खाली, पाय म्होरं. पडायचा सवालच न्हाय, आदीच पडलीया की ती!" मला काही कळेना. तू स्वयंपाकाच्या खोलीत गेलीस. मी अजूनही ते डोळ्यांसमोर बघते. तू फरशीवर बसतेस, तांदळाच्या पत्र्याच्या डब्याला पाठ टेकवतेस, साडी आवरतेस, आणि दोन्ही पाय उचलून हवेत पायडल मारायला लागतेस. स्टोव्हवर आमटी उकळते आहे, डबा मागे मागे सरकतो आहे, आणि तू म्हणते आहेस, "आसं. आसं बघ." तुझे तळवे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. भेगांमध्ये काळी वाळू बसलेली. मग तू दमलीस आणि तशीच टेकून म्हणालीस, "तुझ्या पायात जोर हाय. डोस्क्यात बी हाय. फकस्त मदलंच बिघाडलंय. मग मदलं टेकवून ठिवायचं, झालं."

फौंड्रीच्या मागच्या गाळ्यातल्या वेल्डरमामांना हे समजावून सांगताना मात्र तू स्वतः बसून दाखवलं नाहीस. मला जमिनीवर बसवलंस आणि मी पाय उचलले तसा लगेच त्यांच्यावर आपला पदर टाकलास. "पदर काढा वैनी, न्हाईतर माप कशाचं घेऊ?" मामा म्हणाले. तू पदर काढलास आणि माप घेऊन होईपर्यंत दुसरीकडे बघत राहिलीस. मामांनी ती सायकल जुन्या सामानातून उभी केली. मागे दोन चाकं, पुढे एक, त्याच्याही पुढे पायडल. बसायला लोखंडी खुर्चीची पाठ, तिच्यावर खाटेची नवार आवळून विणलेली. हँडल मांड्यांच्या दोन्ही बाजूंना. चेन एवढी लांब की दोन-तीन सायकलींच्या चेना जोडाव्या लागल्या. चालता चालता पाय पायडलवरून घसरून चाकाखाली जाऊ नये म्हणून चपलांच्या दुकानातून कातडी पट्टे शिवून आणले. पहिल्यांदा ती सारखी डावीकडे ओढायची. मामा म्हणाले, "हिला घरला जायाचंय," आणि पुन्हा चाक खोलून बसले.

सुट्टीच्या दिवशी फौंड्रीच्या मागच्या मोकळ्या जागेत, वापरून झालेल्या वाळूच्या ढिगांमध्ये मी शिकले. पहिला दिवस मी कधीच विसरणार नाही. मी पाठ टेकवली, मान टेकवली, पट्ट्यात पाय अडकवले आणि पायडल दाबलं. सायकल हलली आणि जग जागच्या जागी राहिलं. फौंड्रीची चिमणी चिमणीच्या जागी, कंपाउंडची भिंत भिंतीच्या जागी. आजारानंतर मी पहिल्यांदाच हलत होते आणि समोरचं काही हलत नव्हतं. मी ओरडले, "आई, सगळं थांबलंय!" तू घाबरून धावत आलीस, तुला वाटलं चेन तुटली. त्या आनंदात मी वळण जोरात घेतलं, आतलं चाक उचललं गेलं, आणि मी सायकलीसकट वाळूच्या ढिगात आडवी. "तीन चाकं असून बी पडलीस? लईच हुशार!" तू म्हणालीस. वळण घेताना अंग आतल्या बाजूला टाकायचं, चढावर घाई करायची नाही, ब्रेक एकदम दाबायचा नाही, आणि हँडल घट्ट धरायचं नाही, बोटांनी नुसतं सांगायचं, हे सगळं मला त्या ढिगांनी शिकवलं.

रस्त्यावर जायची वेळ आली तेव्हा तुझी अट आली. "पेठंतनं आशी न्हाय जायाचं. सगळ्यास्नी पाय दावत?" तू मांजरपाटाचा पडदा शिवलास, मामांनी पायडलच्या पुढे वाकवलेली सळई लावून दिली, आणि त्याच्यावरून तो पांढरा पडदा गुडघ्यांपर्यंत आणून तू चार गाठी मारल्यास. सकाळी आपण निघालो. मी आडवी, पाय पांढऱ्या कापडाखाली. तू बाजूनं चालते आहेस, एक हात खुर्चीच्या पाठीवर, चेहरा काळजीनं ओढलेला. कोपऱ्यावरच्या गिरणीसमोर एक आजोबा उभे होते. त्यांनी आपल्याला येताना पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि मान खाली घातली. आपण जवळ आलो तसं गिरणीवाल्याला हळूच विचारलं, "कोन गेलं वं?" मी खालून म्हटलं, "आजोबा, म्या जिती हाय. कॉलेजला निघालोय." आजोबा दोन हात मागे सरले. "आरं तिच्या! मग जित्या माणसाला पांढरं कशापायी घातलंय गं बाई?" तू गिरणीच्या पायरीवर बसलीस आणि तोंडात पदर कोंबून हसलीस. एवढं हसताना मी तुला आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्याच संध्याकाळी तू तुझी चांगली फुलाफुलांची साडी कापलीस आणि दुसरा पडदा शिवलास. पिवळ्यावर लाल फुलं. पाय झाकायचेच, हे मात्र कायम राहिलं.

पेठेत सायकलीचं नाव 'खाट' पडलं. त्या खाटेवर मी कॉलेज केलं. पडद्यात वारा शिरला की सायकल मागे रेटली जायची, पावसात तो भिजून जड व्हायचा, कधी कधी चेन त्याचा काठ खायची. तू काठ पुन्हा शिवायचीस. एकदा दसरा चौकात वळणारी एसटी माझ्या इतकी जवळून गेली की तिच्या चाकाची ऊब गालाला लागली. ड्रायव्हरला मी दिसलेच नव्हते, मी एवढी खाली. मामा म्हणाले, "मागं उंच काठी लावू आन् झेंडा बांधू." तू म्हणालीस, "झेंडा नगं. लोकं बघतील." मामांनी कपाळावर हात मारला. "वैनी, बघावं म्हणूनच लावायचा नव्हं?" तू ऐकलं नाहीस. मी त्या चौकातून उतरून, सायकल ढकलत जायला लागले. सायकलीला धरलं की मला चालताही बरं यायचं.

तुझा ताप साधा वाटला होता. मी शेवटच्या वर्षाला होते. तुला नेलं तेव्हा मी मागे राहिले नाही, तिरडीच्या मागून सायकलवर आले, फुलाफुलांचा पडदा लावून. गिरणीसमोरचे ते आजोबा कोपऱ्यावर उभे होते. त्यांनी टोपी काढली, हात जोडले. त्या दिवशी त्यांचं चुकलं नव्हतं.

मी पदवी घेतली, पुढे बी.एड. केलं, शाळेत लागले. पहिल्या दिवशी वर्गातून आवाज आला, "बाई, झोपून शाळेत येता व्हय?" मी म्हटलं, "व्हय. तुम्ही शाळेत येऊन झोपता, म्या झोपून शाळेत येतो. फरक एवढाच." तेव्हापासून आमचं बरं चाललंय. पण मुलींना मी कधी कधी बघते. बाकाखाली पाय दुमडून, अंग चोरून बसतात, आणि मला त्यांना सांगावंसं वाटतं, जरा ऐसपैस बसा गं. सांगताना जीभ अडखळते. मी स्वतः पडदा लावून शाळेत येणारी बाई.

गेल्या उन्हाळ्यात तुझ्या भावाच्या मुलाचं लग्न होतं, नेसरीच्या पुढे, तुझ्या माहेरी. तिथल्या खडबडीत वाटांवर मला चालता येत नाही म्हणून सायकल टेम्पोत घालून नेली. टेम्पो एसटीच्या थांब्यापाशी थांबला, कारण गावातली गल्ली अरुंद. तुझी थोरली बहीण, तुझी अक्का, घ्यायला आली होती. मी सायकलवर बसले तशी ती म्हणाली, "वड्याकडनं जाऊ. गल्लीतनं नगं. आन् पडदा नीट बांध." ओढ्याकडची वाट दगडांची आणि लांबची. मी विचारलं, का? ती थांब्याच्या कट्ट्यावर टेकली आणि तिनं मला ते सांगितलं, जे तू कधी सांगितलं नाहीस. तू आठ-नऊ वर्षांची. सरपणाची मोळी उतरवून गल्लीच्या कडेला पाय पसरून बसलेली, दमलेली. गावातला एक मोठा माणूस वाटेनं आला. तुला पाय आत घ्यायचं भान राहिलं नाही. संध्याकाळी तुझ्या बापाला त्याच्या दारात बोलावून घेतलं, आणि लेकीच्या पायांसाठी बापाला त्याच्या पायांवर डोकं ठेवायला लावलं. तुला शेजारी उभं करून. "तवापासनं तिनं निवांत पाय पसरलं न्हाईत," अक्का म्हणाली.

आई, मी तिथे आडवी पडले होते, वर नुसतं ऊन होतं, आणि मला तांदळाचा डबा मागे सरकताना ऐकू येत होता. तू माझ्यासाठी पाय हवेत उचलले होतेस. ते किती वजनाचे होते ते मला तेव्हा कळलं नाही.

मी अक्काला विचारलं, ती माणसं आहेत का अजून? "ती पिढी ग्येली. त्यांची नातवंडं आमच्यासंगं चा पित्यात. उद्या लग्नाला बी येणार हायत. कशाला उकरून काढतीस?" तिचंही बरोबर होतं. मला कुणाशी भांडायचं नव्हतं. पण ओढ्याकडनं जायचं म्हणजे आता नसलेल्या माणसासाठी पाय आत घ्यायचे, आणि ते मला जमेना. मी वाकून पडद्याच्या चारही गाठी सोडल्या. अक्का म्हणाली, "तुझी आई आसती तर…" मी विचारलं, "आसती तर काय?" अक्कानं पडदा माझ्या हातातून घेतला, घडी करून काखेत मारला, आणि दुसरा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला. तू ठेवायचीस तसाच.

गल्लीत शिरलो. माझे दोन पाय सगळ्यात पुढे, कातडी पट्ट्यात, उघडे. दारातली माणसं बघायला लागली. "आयला, ह्ये काय नवीन?" "पावनी खाट घिऊन आल्या जनू!" कुणीतरी हसलं, मीही हसले. मध्यावर एक मोठं घर होतं, दगडी जोत्याचं. अक्काची बोटं नवारीत रुतली तशी मला घर कळलं. जोत्याखाली, गल्लीतच, एक म्हातारा माणूस पाटावर उन्हात बसला होता, गुडघ्यांना तेल लावून दोन्ही पाय लांब सोडलेले. सायकल रुंद, गल्ली अरुंद. मी थांबले. "कुनाकडची पावनी?" त्यानं विचारलं. अक्कानं सांगितलं. त्यानं माझ्याकडे, सायकलीकडे आणि मग माझ्या पायांकडे बघितलं. "जाईल का गं हितनं तुझं गाडं?" मी म्हटलं, "जाईल की. तुम्ही जरा…" पुढचे शब्द मला म्हणता येईनात. जन्मभर ऐकलेले तीनच शब्द, पण ते कुणाला म्हणायची सवय नव्हती. तोच म्हणाला, "थांब थांब. पाय घेतो आत." दोन्ही हातांनी एकेक गुडघा उचलून त्यानं पाय जवळ घेतले. "जा आता. निवांत जा." मी पायडल मारलं आणि आम्ही पुढे गेलो.

तो त्या घरातला होता की नुसता उन्हाला बसलेला, मला माहीत नाही. त्याला जुनं काही ठाऊक होतं की फक्त पायांवरून चाक जाऊ नये म्हणून त्यानं पाय घेतले, तेही माहीत नाही. मी विचारलं नाही. एवढंच पाहिलं की माणूस दुसऱ्याला वाट द्यायला पाय आत घेतो, आणि त्यात कुणाचंच काही कमी होत नाही. अक्का खुर्चीची पाठ धरून ओढ्याजवळच्या लग्नघरापर्यंत आली. दारात आल्यावर मोठ्यानं, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "गल्लीतनं आलो आमी! मदनं!"

परत आल्यावर मी पडदा सळईला पुन्हा बांधला नाही. सळईच कापून टाकायला सांगितली. वेल्डरमामा आता थकलेत, चष्मा लावून वेल्डिंग करतात. मी त्यांना खुर्चीमागे उंच काठी बसवायला सांगितली. "झेंडा कुठला लावनार? निळा, भगवा? आदीच इचारून घेतो, मागनं भांडनं नगंत." मी पडदा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो ओळखला. काठाची शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "फुलाफुलाचा. त्यात कमळ न्हाई नव्हं?" आता तो वर फडफडतो, गिरणीपासून चौकापर्यंत दिसतो. दसरा चौकात मी उतरत नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. आपल्या दोन खोल्यांतच मी राहते. तांदळाचा डबा तोच आहे, आणि त्याच्या वरच्या भिंतीवर तुझा फोटो. मी फरशीवर बसून, डब्याला पाठ टेकून हे लिहिते आहे, आणि मघाशी, अक्काचं लिहिताना, मी दोन्ही पाय लांब पसरले. दाराकडे. दार उघडं आहे, गल्लीतून माणसं जातायत येतायत, मी ते आत घेतलेले नाहीत. पण फोटो पाठीमागे आहे म्हणून हे जमलं, आई. तुझ्याकडे तोंड करून बसले असते, तर घेतले असते.